आईच्या हातचा स्पेक्ट्रम

स्कॉटलंडमधल्या डंडीत डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं. अशाच एका शनिवारी शेजाऱ्यांनी चहाला बोलावलं होतं. त्यांचे मेहुणेही आले होते. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, एरवी मोजकंच बोलणारे. पण टेबलावर रबरी बटणांचा काळा झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक आला, मेहुण्यांनी पिशवीतून पावाच्या डब्यासारखा तपकिरी कमोडोर ६४ हा त्याचा प्रतिस्पर्धी काढला आणि शब्दाला शब्द भिडायला लागला.

दोन्ही यंत्रं १९८२ सालची. ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना मिळायचा. काही महिन्यांनी आलेला कमोडोर जवळपास दुप्पट महाग. पण त्यात आवाजासाठी वेगळी चिप होती, तीन सूर एकदम वाजवणारी. स्पेक्ट्रम बिचारा नुसता बीप करायचा. शिवाय पडद्यावरच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात त्याला दोनच रंग दाखवता येत. त्यामुळे खेळातला माणूस झाडाजवळून गेला की त्याचा रंग झाडाला लागायचा. मेहुण्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

शेजाऱ्यांनी उत्तर तोंडानं दिलं नाही. 'सर्कल' आणि तीन आकडे, एवढी एकच ओळ टाइप केली. पडद्यावर वर्तुळ उमटलं. "आता तू काढ." कमोडोरच्या बेसिकमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, चित्र काढायची आज्ञाच नाही, पोक करत, म्हणजे मेमरीत एकेक आकडा भरत बसावं लागतं. मग त्यांनी कॅसेट लावली; तेव्हा प्रोग्राम कॅसेटवरून संगणकात घ्यावे लागत. 'जे' दाबलं की अख्खा 'लोड' शब्द उमटतो. टेपची किंकाळी सुरू झाली, पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले. ती चार-पाच मिनिटं खोलीत कुणीही बोललं नाही.

ही नुसती खेळण्यांवरून होणारी भांडणं असतात असं मला तोवर वाटायचं. पण स्पेक्ट्रम याच गावात, घड्याळांच्या टाइमेक्स कंपनीच्या कारखान्यात बनायचा आणि तिथल्या कामगारांत बहुसंख्य बायका होत्या. शेजाऱ्यांची आई त्यांतलीच. "हे जोडणारे हात माझ्या आईचेही असतील," ते म्हणाले. घरात परवडण्यासारखा संगणक एकच असायचा, आणि तो आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून आणलेला. त्याला नाव ठेवणं म्हणजे कुणाला नाव ठेवणं, ते मला त्या क्षणी कळलं. १९९३ मध्ये मोठ्या संपानंतर तो कारखाना बंद पडला. त्या संपाबद्दल इथे लोक अजूनही आवाज खाली करून बोलतात.

मेहुण्यांकडेही हुकमाचा पत्ता होता. लेमिंग्ज हा जगभर गाजलेला खेळ डंडीतच तयार झाला. तो बनवणारी कंपनी काढणारे डेव्हिड जोन्स आधी टाइमेक्समध्येच होते. नोकरी सुटल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी घेतलं काय? कमोडोरचाच अमिगा संगणक! यावर शेजारी बराच वेळ चहा ढवळत राहिले.

मग दोघांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुझा कुठला?"

बीबीसी मायक्रो, मी म्हटलं. शाळांत संगणक शिकवण्यासाठी भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'क्लास' योजनेतून तो आमच्या शाळेत आला होता. ऐकताच दोघं एका सुरात म्हणाले, "अरे, तो तर पैसेवाल्यांचा!" इथे ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा तो संगणक ३९९ पौंडांना होता. तो शाळेत दिसायचा, नाहीतर सुखवस्तू घरांत.

मी हातातला कप खाली ठेवला. त्यांना सांगितलं की आम्ही चपला दाराबाहेर काढून शाळेतल्या संगणकाच्या खोलीत जायचो. एका कीबोर्डवर चौघीजणी, प्रत्येकीला दहा मिनिटं. आपली पाळी यायच्या आत प्रोग्राम वहीत पेन्सिलीनं लिहून काढायचा, कारण तिथे विचार करायला वेळ नसायचा. आणि बटणं? तुमच्या या रबरापेक्षा शंभर पटींनी चांगली. अगदी खऱ्या टाइपरायटरसारखी.

शेजाऱ्यांनी स्पेक्ट्रम माझ्यासमोर सरकवला. "टाइप तर करून बघ," म्हणाले.