तुम्ही विचारलंत म्हणून: फवारणीचं औषध आणि उंदराचं आतडं

मी टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे विषांच्या अभ्यासात आहे म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही प्रश्न ठरलेला, "भाजीवर मारतात त्या औषधाने उंदरांच्या आतड्याला काय होतं हो, भोकं पडतात का?"

भोकंबिकं नाही पडत. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही कीटकनाशक मंडळी नसांवर चालतात. अ‍ॅसिटिलकोलीन म्हणून एक निरोप्या असतो, निरोप पोचला की त्याला मोडून टाकणारं एन्झाइम असतं, औषध त्या एन्झाइमलाच पकडून ठेवतं, मग निरोप चालूच आणि आतडं आपलं आवळतंय आवळतंय. डोस मोठा असला की लाळ, थरथर, हगवण. उलटी मात्र नाही, उंदराला ती करताच येत नाही, त्यामुळे प्रयोगात नळीने पोटात सोडलेलं सगळं आतच राहतं. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना जी माणसं गेली त्यांच्या अंगात गेलेलं औषध कुठे आणि तुमच्या ताटातली मेथी कुठे, पण मला प्रश्न नेहमी मेथीवाल्यांकडूनच येतो, असो.

थोड्या डोसला मायक्रोस्कोपखाली बऱ्याचदा फारसं काही दिसत नाही. आणि दिसलं की मला आधी संशय येतो, कारण आतडं मेल्यावर काही मिनिटांत खराब व्हायला लागतं, फॉर्मलीनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) टाकायला जरा उशीर झाला की आतल्या बोटांसारख्या व्हिलायची टोकं सुटून मधल्या पोकळीत पडलेली दिसतात, अगदी विषाने झाल्यासारखी. औषध न दिलेल्या उंदराची स्लाइड शेजारी असल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

खरी भानगड आतड्यातल्या जंतूंची आहे. मदुराई कामराज विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांना 180 दिवस मोनोक्रोटोफॉस दिलं आणि 2017 मध्ये ते छापलं. ते वरचं एन्झाइम ठीकठाक, पण रक्तातली साखर बिघडलेली! आतड्यातले जंतूच औषध फोडत होते, त्यातून अ‍ॅसिटेट नावाचा पदार्थ, आणि त्या अ‍ॅसिटेटपासून शरीर ग्लुकोज बनवत होतं. ह्या उंदरांची विष्ठा दुसऱ्या उंदरांच्या पोटात घातली तर त्यांचीही साखर बिघडली, हे वाचून मी तरी खुर्चीत सरळ बसले होते. म्हणजे आतडं दिसायला धडधाकट आणि गडबड भलतीकडेच.

पण म्हणून जंतूंवरचा प्रत्येक पेपर खरा मानू नका. उंदीर लेंड्या खातात, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्याही, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जंतू थोड्या दिवसांत सारखे होतात. कोणी म्हणालं औषध दिलेल्या दहा उंदरांमध्ये फरक सापडला तर मी विचारते पिंजरे किती होते, कारण दहाही एकाच पिंजऱ्यात असतील तर जंतूंच्या हिशोबात तो जवळजवळ एकच उंदीर झाला आणि फरक औषधाचा की पिंजऱ्याचा ते सांगताच येत नाही.

भाजी मी खाते. धुऊन.