पप्पांचा हात

माझ्या जादूच्या खेळात गिलोटिनचा आयटम मी कायम शेवटी ठेवतो. त्याच्यानंतर काही दाखवायला गेलं की लोक चपला शोधायला लागतात. लाकडी चौकट, वर पातं, खाली तीन भोकं. मधल्या मोठ्या भोकात प्रेक्षकाचं मनगट, दोन्ही बाजूंच्या लहान भोकांत गाजरं. पातं खाली येतं, गाजरं तुटतात, हात शाबूत राहतो. खरं काम अर्ध्या सेकंदाचं. त्याआधीची दहा मिनिटं लोकांना श्वास रोखून बसवायचं, ही खरी मजुरी.

माणूस निवडणं हे त्यातलं अर्धं कसब. "मी, मी" म्हणून हात वर करणाऱ्याला मी घेत नाही; तो वर येऊन स्वतःच जादूगार होतो. प्यायलेला तर नकोच. मला लागतो तो मित्रांनी ढकलल्यावर लाजत उठणारा, ज्याला सगळं गाव ओळखतं. "त्याची काळजी करणारं कुणीतरी समोर बसलेलं पाहिजे," असं गुरुजी म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा चुलतभाऊ असावा. सहा वर्षांची मुलगी नसावी.

गुरुजींचा आणखी एक आवडता किस्सा होता. ९ एप्रिल १९५६ ला जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या टीव्ही कार्यक्रमात करवतीने मुलगी कापायचा प्रयोग केला. मुलीला हाका मारल्या, हात चोळले, ती उठेना; आणि तेवढ्यात वेळ संपली म्हणून कार्यक्रम बंद. मुलगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की लाइन्स जाम झाल्या. "ताण असा अर्धवट सोडता आला पाहिजे," गुरुजी म्हणायचे. मी मान डोलवायचो. अर्धवट सोडायची वेळ माझ्यावर कशी येईल, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

तालुक्याचं गाव, गणपतीचा पाचवा दिवस. मांडवावर ताडपत्री, तिच्यावर पावसाचा ताशा. समोर तीनेकशे माणसं आणि सगळ्यांत पुढे सतरंजीवर पोरंच पोरं. तिसऱ्या रांगेतल्या एकाला मित्रांनी उठवलं. एसटीत ड्रायव्हर. मनात म्हटलं, यापेक्षा चांगला हात मिळणार नाही.

मग माझी नेहमीची रेकॉर्ड सुरू झाली. "गाडी एका हाताने चालवायची सवय आहे का, ड्रायव्हरसाहेब?" हशा. "घरचा नंबर देऊन ठेवा." हशा. खाली टोपली ठेवली, तिच्यात डोकावून दचकलो, "अरे, मागच्या गावचा अजून इथंच आहे!" मांडव गडगडला. आधी नुसती गाजरं घालून पातं मारलं. तुकडे उडून पोरांच्या मांडीत पडले. मग त्यांचं मनगट आत घालून वरची फळी बसवली, नवी गाजरं लावली आणि गप्प झालो. अशा वेळी बोलायचं नसतं. पंख्याची घरघर ऐकू येईपर्यंत थांबायचं.

"एक," सगळ्यांनी म्हटलं. "दोन..."

"नको!"

ती स्टेजवर कशी चढली, मी पाहिलंच नाही. एकदम चौकटीला दोन्ही हातांनी मिठी. "पप्पा गाडी कशी चालवणार?" हे ती मला विचारत होती, रडत नव्हती. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही आयटमचाच भाग.

आता थोडं आतलं सांगतो, सगळं नाही. पातं मारण्याआधी एक गोष्ट जागेवर बसवावी लागते आणि ती बसल्याचं फक्त माझ्या बोटांना कळतं. तिच्या ओढाताणीत चौकट हलली होती. बसलेलं सुटलं असेल का? बहुतेक नसेल. पण "बहुतेक"वर पातं मारत नाहीत. शिवाय मोठ्यांना जो विनोद वाटत होता तो तिने सरळ माहिती म्हणून ऐकला होता: टोपलीत खरंच कुणाचा तरी हात आहे आणि पुढचा पप्पांचा.

मी पात्याला खीळ घातली, फळी काढली. मांडवात "ओऽऽ" झालं, मागून एक शिट्टीही आली. ती तिकडे बघतही नव्हती. तिने त्यांचा हात ओढून घेतला आणि बोटं मोजली. अंगठ्यापासून पाच. मग दुसऱ्या हाताचीही मोजली, तो तर बाहेरच होता. नंतर टोपली उपडी केली. आतून गाजराचे दोन तुकडे निघाले. त्यातला एक तिने खाल्ला, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या पातं मारूनही मला क्वचितच मिळाल्या असतील.

पाकीट देताना सेक्रेटरी म्हणाले, "शेवटचा आयटम राहिलाच की." मी म्हटलं, "झाला ना." त्यांना पटलं नाही, पण पैसे पूर्ण दिले, वर मोदक.

सामान टेम्पोत चढवायला ड्रायव्हरसाहेब आले. मुलगी खांद्यावर झोपलेली. हळूच म्हणाले, "सर, एक विचारू? खरंच काही झालं नसतं ना?"

"धंद्याचं गुपित आहे," मी म्हटलं.

ते हसले. मुलीला बायकोकडे दिलं आणि गिलोटिनची पेटी उचलायला वाकले. कडी माझ्या बाजूला होती. तिच्याकडे एकदा बघून त्यांनी पेटी खालून धरली, बोटं आत येणार नाहीत अशी.