साठीनंतर वजनं उचलताना

बासष्टाव्या वर्षी माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी झाली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये आला. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) नव्हता, पण हाडं विरळ होऊ लागली होती. डॉक्टर म्हणाले, "चालणं सोडू नका, पण आता वजनं उचलायला शिका." गुडघा दुखत असल्यामुळे त्यांनी आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तिथे पहिली परीक्षा खुर्चीची. हात छातीशी घडी करून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजतात. साठी नुकतीच ओलांडलेल्या बाईला निदान १२ वेळा तरी उठता यायला हवं, मला तेवढं जमलं नाही. मग काही आठवडे तोच व्यायाम. उठायचं झटकन, बसायचं मात्र अगदी सावकाश. बसताना मांड्या शरीराचा भार पेलत लांबतात, आणि गुडघ्याला सांभाळणारी ताकद त्यातून मिळते. दुखणं हळूहळू कमी झालं.

एका गोष्टीचं मला फार नवल वाटलं. मांड्या दिसायला होत्या तशाच होत्या, तरी ताकद वाढत होती. सुरुवातीची वाढ स्नायूंच्या आकारातून येत नाही. मेंदू आणि नसा आधीच असलेल्या स्नायूतंतूंना अधिक चांगलं कामाला लावायला शिकतात. स्नायू भरायला त्यानंतर काही महिने लागतात.

मग जिम. घरच्यांनी फार विरोध केला. "या वयात कंबर धरली तर?" हे किती वेळा ऐकलं! त्यांची काळजी खरी होती, पण बिनव्यायामाने बसून राहण्यातला धोका त्यांना दिसत नव्हता. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी जातात. अडखळल्यावर पाऊल पटकन पुढे टाकून आपल्याला सावरणारे नेमके हेच तंतू. म्हातारपणी माणूस पडतो आणि खुबा मोडतो, त्यामागे विरळ हाडांइतकाच हा ऱ्हासही असतो.

जिममधली ट्रेनर पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, शेवटच्या दोन रेप्स, म्हणजे शेवटच्या दोन वेळा उचलणं, जड गेल्या नाहीत, तर ते वजन तुमच्यासाठी हलकं आहे." हे वाक्य मला प्रत्येक साठीच्या बाईला सांगावंसं वाटतं. वयस्कर माणूस म्हटलं की त्याच्या हातात हलके डंबेल देऊन वर्षानुवर्षं तेच करायला लावतात. पण स्नायूला आणि हाडाला ताण जाणवल्याशिवाय ती बदलत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हाडांची घनता कमी झालेल्या, पाळी थांबलेल्या बायकांनी ८ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली, आणि त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर वृद्धाश्रमातली ८६ ते ९६ वर्षांची माणसं होती. त्यांच्या मांड्यांची ताकद ८ आठवड्यांत दुपटीहून अधिक झाली. मी तर त्यांच्यापुढे तरुणच.

मात्र जड म्हणजे अंदाधुंद नव्हे. डेडलिफ्टसाठी, म्हणजे जमिनीवरचं वजन उभं राहत उचलण्यासाठी, बरेच दिवस मी नुसती काठी घेऊन नितंब मागे नेत कमरेतून पुढे वाकायला शिकले: पाठ सरळ, काठी पायांना लागून. उचलताना श्वास सोडायचा, कारण श्वास कोंडला तर रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. सांध्यात कळ आली तर मात्र थांबायचं.

जेवणात प्रथिनं वाढवावी लागली, दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम. जेवणानंतरची साखरही थोडी उतरली. काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतो, हे तेव्हा कळलं. पुढच्या डेक्सामध्ये टी-स्कोअर घसरलेला नव्हता, आणि या वयात मला तेवढं पुष्कळ वाटलं.

मध्यंतरी तापाने अंथरूण धरलं. उतारवयात पडून राहिलं की ताकद भराभर जाते, ती माझीही गेली. परतले तेव्हा ट्रेनरने वजन निम्म्यावर आणलं आणि ते दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. पहिल्यांदा जिथवर पोचायला कित्येक महिने लागले होते, तिथे या वेळी काही आठवड्यांतच पोचले. आता आठवड्यातून दोन दिवस वजनं आणि एक दिवस एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव, असं चाललं आहे.