पोलादी कंबर

आमच्या घरात सध्या पोलादी पट्ट्या घातलेली दोन वस्त्रं आहेत. एक माझं, एक सईचं, म्हणजे माझ्या भाचीचं. माझं कातडीच्या रंगाचं, औषधाच्या दुकानातून पिशवीत लपवून आणलेलं. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी दिलेला पट्टा. पाठीशी चार पोलादी पट्ट्या, पुढे वेल्क्रो. बाहेर जाताना मी त्याच्यावर सैल कुर्ता घालते, कोणाला दिसू नये म्हणून. सईचा काळ्याभोर साटिनचा कॉर्सेट, म्हणजे नाडीने आवळून कंबर बारीक करणारी घट्ट चोळी, मात्र मुद्दाम दिसावा म्हणूनच आणलेला. कॉलेजच्या नाटकात काळ आहे राणी व्हिक्टोरियाचा आणि वेशभूषा सईकडे आहे. नायिकाही तीच.

आधी ऑनलाइन मागवलेला कॉर्सेट फसवा निघाला. ‘स्टील’ म्हणून जाहिरात, आणि आत प्लास्टिकच्या काड्या! पहिल्यांदा आवळला तर कमरेपाशी दुमडून बरगडीत रुतल्या. म्हणून दुसरा आला तेव्हा सईने फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट काढून शिवणीवर टेकवलं. गणपती टुणकन चिकटला. मग तो एकेका शिवणीवरून फिरवत आम्ही मोजत बसलो. चोवीस पट्ट्या.

त्यात दोन जाती. पाठीशी नाडीच्या छिद्रांलगत असतात त्या सपाट पट्ट्या; त्या फक्त मागेपुढे वाकतात, त्यामुळे नाडी ओढली तरी काठ सरळ राहतो. कमरेच्या वळणावर असते ती पिळाची पट्टी, स्प्रिंग दाबून चपटी केल्यासारखी, आडवीसुद्धा वाकणारी. पोलादाआधी हे काम देवमाशाकडे होतं. त्याला ‘व्हेलबोन’ म्हणायचे खरे, पण ते हाड नव्हेच. देवमाशाच्या वरच्या जबड्याला लोंबणारी ती झालर, आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याचीच. देवमासे मारून मारून झालर महाग झाली आणि पोलादाला बरे दिवस आले. आत कापड असतं ते घट्ट विणीचं, न ताणणारं. त्याचं नाव ‘कूटिल’. यात माझं काही कर्तृत्व नाही, नावच तसं आहे.

प्रकारही किती! छातीच्या खाली संपतो तो अंडरबस्ट, छातीसकट धरतो तो ओव्हरबस्ट. नुसती कंबर धरणारा वीतभर वेस्पी, गांधीलमाशीवरून नाव पडलेला. 1947मध्ये आपण स्वातंत्र्याच्या गडबडीत असताना पॅरिसमध्ये फॅशनवाल्या दिओरने बायकांची कंबर पुन्हा बारीक करायला घेतली, तेव्हा हा वेस्पी जोरात होता. त्याआधी, विसाव्या शतकाच्या तोंडावर, पुढून सपाट कॉर्सेट आला. पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून काढलेला, पण घातल्यावर छाती पुढे आणि बूड मागे. बाईचं इंग्रजी ‘एस’ अक्षर. प्रकृतीसाठी काढलेल्या वस्तूनेच पाठीचा धनुष्यबाण केला, हे वाचून मला माझ्या पट्ट्याबद्दल उगाच शंका आली.

नवा कॉर्सेट पहिल्याच दिवशी आवळायचा नाही म्हणे. मुरवायचा. रोज तास-दोन तास, सैलच घालायचा, म्हणजे कापड अंगाचं वळण घेतं. कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात तसंच हे. पहिल्या दिवशी नाडी माझ्या हातात. वरून कमरेकडे, खालून कमरेकडे असं एकेक फेर ओढत यायचं, आणि उरलेली नाडी कमरेपाशी दोन लांब फासांत गोळा करायची. पाठीवर दोनेक इंचांची फट राहायला हवी, आणि ती सरळ. वर मिटली, खाली फाकली की माप चुकलं. ओढता ओढता मला घाम आला आणि ती आरशात बघत, “मावशी, अजून थोडं.” टेप लावली. 29ची कंबर 27 झाली होती. नाडी सोडली की तीही परत जागेवर.

मग लक्षात आलं, सँडल घालायची राहिली. आता वाकता येईना. सँडल मी घातली. ती पाटावर बसलेल्या नवरीसारखी ताठ. अशा अवस्थेत फरशी कोण पुसेल? पण इंग्लंडात मार्केट हार्बरोच्या सिमिंग्टन कारखान्याने ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचा स्वस्त, भक्कम कॉर्सेट काढला होता, तो खास मोलकरणींसाठीच!

कंबर आवळणं आपल्याला नवीन नाही. माझ्या बाळंतपणात आईने जुन्या लुगड्याची मऊ पट्टी माझ्या पोटावर अशी गुंडाळली होती की मी श्वास मोजून घेत होते. “सुटलं की मग रडत बसशील,” हे वर. पण त्यातही दाखवण्यासारखं काही नव्हतं. दुखण्याचा पट्टा मिरवला तो चित्रकार फ्रिडा काहलोने. 1925मध्ये मेक्सिकोत बसच्या अपघातात तिचा कणा मोडला. पुढे आयुष्यभर प्लास्टरचे, चामड्याचे, पोलादाचे कॉर्सेट. तिने प्लास्टरवर चित्रं रंगवली. 1944च्या एका चित्रात तर तिचं उघडं अंग पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेलं आहे, आत कण्याच्या जागी तडकलेला खांब, अंगभर खिळे. ते चित्र मी सईच्या फोनवर बराच वेळ पाहिलं. माझ्या पट्ट्यावर मी एक फूलसुद्धा काढलेलं नाही.

परवा रात्री सई तालमीवरून आली ती भिंत धरून. तिसऱ्या अंकात नायिकेला बेशुद्ध पडायचं असतं, आणि दिग्दर्शकाने ते अकरा वेळा करून घेतलं होतं. मी नाडी सैल केली, तिने पुढच्या आकड्या सोडल्या. कॉर्सेट खुर्चीवर टाकला तो पोकळ उभाच राहिला, आत कोणी असल्यासारखा. सई पलंगावर पालथी. पाठीवर नाडीचे वळ.

“मावशी,” उशीत तोंड खुपसून ती म्हणाली, “तुझा तो पट्टा दे ना जरा. दुखतंय गं.”

मी चर्रकन वेल्क्रो सोडला.