काळी माती भिजू दिली, तेव्हा गाडी स्वच्छ झाली

मामांनी २००५ ची होंडा सीआर-व्ही माझ्या हवाली केली, तेव्हा ती बाहेरून लख्ख होती. जपानहून तयार होऊन आलेली ही गाडी त्यांनी जिवापाड जपली. पण काटोलच्या संत्र्याच्या बागेतही ते हीच गाडी न्यायचे. तिथली माती कुठे कुठे जाऊन बसली आहे ते मला मागच्या पावसाळ्यात कळलं. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालची मॅट ओलीचिंब होती.

एका वॉशिंग सेंटरवर दिली, तर त्यांनी दिसेल तिथे प्रेशरने पाणी मारलं. दाराच्या रबरातून पाणी आत गेलं, खिडकीचं बटण आठवडाभर बंद पडलं, घाण मात्र जागची हलली नाही. फार वाईट वाटलं. मग ठरवलं, हे काम आपणच करायचं. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला सुरुवात केली. नागपुरात त्या दिवसांत आठनंतर पत्र्याला हात लावता येत नाही आणि शाम्पू धुवायच्या आतच वाळतो.

पहिलं काम वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीचं. वाडीतल्या ओळखीच्या मेकॅनिकने आधीच बजावलं होतं, "भाऊ, क्लिपा जपून काढजा. तुटल्या तं इथं भेटत नाही, मागवाव्या लागते." म्हणून प्रत्येक क्लिपवर कोमट पाणी टाकलं, बोथट पट्टीने हळूच उचलली आणि कुठली कुठे होती याचा मोबाईलवर फोटो काढला. जाळी निघाली आणि खाली कडुनिंबाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या आणि काळी माती यांचा थर दिसला. निचऱ्याचं भोक त्याखाली पूर्ण बुजलेलं. पाणी वाहून जायला वाट नाही, म्हणून ते ब्लोअरच्या तोंडातून आत येत होतं.

इथे माझी चूक झाली. स्क्रूड्रायव्हरने खरवडायला गेलो आणि रंगावर बोटभर ओरखडा पडला. मामांना फोन करून खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "लगेच रंग लाव, नाहीतर गंज धरेल. आणि ती माती आपल्या शेतातली आहे रे, वाळली की दगड. आधी पाणी पाज," एवढंच म्हणाले.

जुन्या सुती पंचाच्या ओल्या घड्या त्या थरावर अर्धा तास ठेवल्या. माती फुगली, सुटली. मग आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने अर्धं घमेलं चिखल निघाला. तांब्याने हळूहळू पाणी ओतलं, तर ते पुढच्या चाकामागून खाली पडलं. तिथेच मांडी घालून बराच वेळ बघत बसलो.

तेव्हापासून प्रत्येक जागी आधी विचार केला, ही घाण नेमकी कशाची? मागच्या दारावर स्टेपनी असते. ती उतरवली तर खाली डांबराचे ठिपके. डांबर पाण्याने भिजत नाही. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून दोन-चार मिनिटं दाबून धरला, पुसला, लगेच शाम्पूने धुतलं. दाराच्या रबराला मात्र रॉकेलचा थेंबही लागू दिला नाही, ते फुगतं. तिथे साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, आणि पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात.

अलॉय व्हीलच्या आतल्या बाजूला ब्रेक पॅडची लोखंडी पूड चिकटलेली. एकेक चाक काढलं, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली, आणि आयर्न रिमूव्हर फवारला. लोखंडाशी गाठ पडली की तो जांभळा होतो. हा जांभळा ओघळ वाळायच्या आत धुतला पाहिजे, म्हणून चारही चाकं एकदम घेऊ नका. काचेवरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून निघाले.

मागच्या दाराच्या बिजागरीच्या घडीत अजून थोडी माती आहे. बांबूच्या काडीला कापड गुंडाळूनही हात पोहोचत नाही, तिथे जोर करायची माझी तयारी नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आला. टॉर्च घेऊन खाली गेलो. चाकामागून पाण्याची धार वाहत होती. दार उघडून मॅटखाली हात घातला, कोरडी होती. मामांना तेव्हाच फोन लावला.