पेशीच्या अभ्यासात भौतिकशास्त्रज्ञाचे काय काम?

मी पेशीजीवशास्त्रात काम करते आणि माझ्या सहकाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञही आहेत, हे कळल्यावर बहुतेक जण विचारतात की पेशी हा जीवशास्त्राचा विषय असताना ही मंडळी तिथे काय करतात, केवळ यंत्रे सांभाळतात का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

यंत्रांचा भाग खराच आहे. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरहून (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कमी अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येत नाहीत. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेली ही मर्यादा ओलांडणाऱ्या तंत्रांना २०१४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु मला या सहकार्याचे मोल अधिक वाटते ते त्यातून येणाऱ्या प्रश्नांमुळे. दुसऱ्या शास्त्रात घडलेला माणूस पेशीबद्दल असे काही विचारतो, जे विचारावे असे मला कधी सुचलेच नसते.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचे आहे. त्याच्या एकपेशीय भ्रूणात प्रथिने आणि आरएनए यांचे बनलेले ‘पी कण’ असतात. आरंभी ते सर्वत्र विखुरलेले असतात, पण पहिल्या विभाजनापूर्वी ते भ्रूणाच्या मागच्या अर्ध्या भागातच उरतात, आणि त्याच भागापासून पुढे प्रजननपेशींची परंपरा सुरू होते. हे कण जीवशास्त्रज्ञांना अनेक वर्षे ठाऊक होते. २००९ मध्ये पेशीजीवशास्त्रज्ञ अँथनी हायमन, अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेले क्लिफर्ड ब्रँगविन, सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यूलिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हे कण द्रवाच्या थेंबांसारखे वागतात: ते केंद्रकावरून ओघळतात, एकमेकांत मिसळून पुन्हा गोल होतात, भ्रूणाच्या पुढच्या भागात विरघळतात आणि मागच्या भागात नव्याने साकळतात. एकदा थेंब म्हटले की त्याची श्यानता (दाटपणा) किती, पृष्ठताण (थेंबाला गोल ठेवणारी पृष्ठभागाची ओढ) किती, हे ओघानेच विचारले जाते, आणि त्यांनी त्याचे अंदाजही बांधले. माझ्या शिक्षणात मी कणातील प्रथिनांची यादी करायला शिकले होते. त्या कणाला पृष्ठताण असेल, हा विचार त्या यादीतून कधीच निघाला नसता.

कायनेसिन या प्रथिनाची कथाही अशीच आहे. पेशीतील सूक्ष्मनलिका नावाच्या बारीक नळ्यांवरून ते ओझे वाहून नेते, हे जीवशास्त्राने शोधले; लेझरच्या चिमट्याने, म्हणजे सूक्ष्म वस्तू धरून ठेवणाऱ्या प्रकाशझोताने, ते पकडून त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते, हे १९९३ मध्ये मोजले गेले. सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाची बनते त्या ट्यूब्युलिनच्या जोड्याही ८ नॅनोमीटर अंतरानेच रचलेल्या असतात, त्यामुळे त्या आकड्याला लगेच अर्थ आला.

संख्याशास्त्रज्ञांचा उल्लेख मात्र फार कमी होतो, याची मला खंत वाटते. एकाच दिवशी एकाच बशीत वाढवलेल्या हजार पेशी मोजल्या, म्हणून ते हजार स्वतंत्र प्रयोग ठरत नाहीत. त्या साऱ्या पेशींवर त्या बशीचा समान प्रभाव असतो. हे प्रयोग आखतानाच सांगणारा माणूस शेजारी हवा, कारण प्रयोग संपल्यावर आकडे त्याच्या हाती दिले तर तो फारसे काही वाचवू शकत नाही. भौतिकशास्त्रज्ञालाही हेच लागू होते. पेशीचे गणिती वर्णन करताना तिच्यातील काय वगळले तरी चालेल आणि काय वगळून मुळीच चालणार नाही, यावर आमचे दीर्घ वाद होतात. ते वाद सूक्ष्मदर्शकापाशी बसून, एकच पेशी पाहत झाले तरच फलदायी ठरतात.

सध्या असे वाद थेंबांच्या घट्ट होण्यावरून चालतात. एफयूएस या प्रथिनाचे द्रव थेंब कालांतराने तंतुमय, घन होतात, आणि एएलएस या चेताविकाराशी निगडित असलेल्या त्याच्या काही उत्परिवर्तनांमुळे (जनुकीय बदलांमुळे) हा बदल लवकर घडतो, हे २०१५ मध्ये दिसून आले. जिवंत चेतापेशीत हा बदल कशाने रोखून धरला जातो, हे शोधताना रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि रुग्ण तपासणारा चेतातज्ज्ञ, या तिघांनाही मला रोज काही ना काही विचारावे लागते.