आमची वाटचाल : भुलेच्या वाफेचा नेमका टक्का

माझ्या वडिलांनी इंदूरच्या दवा बाजाराजवळ एका खोलीत काम सुरू केले, तेव्हा बॉईल मशीनचे, म्हणजे भूल देण्याच्या यंत्राचे, रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या नळ्या) साफ करणे, झिजलेले वॉशर बदलणे आणि सिलिंडरच्या जोडणीतील गळती शोधणे, एवढ्यासाठीच रुग्णालयांतून बोलावणे येत असे. त्या काळी बहुतेक ठिकाणी भुलेसाठी हॅलोथेन हा द्रव वापरला जाई आणि त्यानेच आमच्या व्यवसायाला दिशा दिली. ते टिकावे म्हणून त्यात थायमॉल मिसळलेले असते. हॅलोथेन उडून जाते, थायमॉल मात्र व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे भुलेच्या द्रवाची वाफ ठराविक प्रमाणात वायूत मिसळणाऱ्या भागात, साठत राहते, वाती चिकट होतात आणि डायल जड फिरू लागते. असे व्हेपोरायझर उघडता उघडता वडिलांची खात्री पटली की, डायलवरचा आकडा आणि बाहेर पडणारी वाफ यांचा मेळ पाहिल्याशिवाय यंत्र परत देऊ नये.

20 अंश सेल्सियसला हॅलोथेनच्या द्रवावर त्याची वाफ सुमारे 32 टक्के असते, आणि त्वचेला छेद देताना निम्मे रुग्ण हलू नयेत यासाठी फुप्फुसात अवघी 0.75 टक्के पुरते. म्हणून व्हेपोरायझर येणाऱ्या वायूचा थोडा भाग द्रवावरून नेतो, उरलेला बाजूने सोडतो आणि पुढे दोन्ही एकत्र करतो. वाफ होताना द्रव थंड पडतो व वाफ कमी होते. ही तूट दोन धातूंची पट्टी वाकून भरून काढते. 1846 साली बॉस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टन यांनी शस्त्रक्रियेसाठी काचेच्या गोळ्यातून ईथर हुंगवले, तेव्हा मोजून देता येईल असा टक्का त्यांच्या हाती नव्हता. आज भूलतज्ज्ञ ज्या आकड्यावर विसंबतात तो खरा ठेवणे, हेच आमचे काम आहे असे मी मानतो.

मी व्यवसायात आल्यावर आम्ही वाफेचा टक्का मोजणारा इन्फ्रारेड विश्लेषक घेतला. तपासणीपूर्वी व्हेपोरायझर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. ग्राहकाला कितीही घाई असली तरी त्यात आम्ही सवलत देत नाही. खरगोन, बडवानीकडून बसने येणारी पार्सले रिकामी करूनच पाठवावीत, असा आमचा आग्रह असतो, कारण भरलेला व्हेपोरायझर आडवा झाला तर द्रव बाजूच्या वाटेत शिरतो आणि पहिल्याच वापरात रुग्णाला अतिरिक्त मात्रा जाऊ शकते.

सेव्होफ्लुरेन हा भुलेचा नवा द्रव आल्यावर लहान मुलांना मास्कवरच भूल देणे सोपे झाले, कारण त्याचा वास उग्र नाही. मात्र त्याच्या व्हेपोरायझरमध्ये चुकून आयसोफ्लुरेन हा दुसरा भुलेचा द्रव गेला, तर वाफ सुमारे दीडपट होते आणि तिचा जोरही जवळजवळ दुप्पट असतो. सेव्होफ्लुरेनची पिवळी आणि आयसोफ्लुरेनची जांभळी रंगखूण त्यासाठीच आहे. पण आमचा भर, चुकीची बाटली बसूच नये अशा खाचेच्या फिलरवर (द्रव भरण्याच्या तोंडावर) राहिला आहे, आणि जुने उघड्या तोंडाचे व्हेपोरायझर बदलण्याचा सल्ला आम्ही स्पष्टपणे देतो.

डेसफ्लुरेन या भुलेच्या द्रवाच्या व्हेपोरायझरचे काम आम्ही स्वीकारत नाही. ते 22.8 अंशांनाच उकळते, त्यामुळे त्याचा व्हेपोरायझर विजेने 39 अंशांपर्यंत तापवून दाबाखाली चालवावा लागतो. ती दुरुस्ती उत्पादकाकडेच व्हावी.

अलीकडे यंत्राबरोबर, रुग्णाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या सोडा लाइमची तपासणीही आम्ही सेवेत घेतली आहे. सुट्टीच्या दिवसांत ऑक्सिजन चालू राहिला तर ते कोरडे पडते, आणि कोरड्या सोडा लाइममधून डेसफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन गेल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. रंगावरून हा कोरडेपणा कळत नाही, म्हणून अशा वेळी डबा न तपासता बदलावा, असे आम्ही प्रत्येक ओ.टी.च्या (शस्त्रक्रियागृहाच्या) तंत्रज्ञांना सांगतो.